बेडकोबा पोट बडवतो तेव्हा

तीर्थस्वरूप मामांना उभ्यानेच नमस्कार. (साष्टांग घालायला कंबर वाकत नाही, कारण पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? आम्ही खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. खरं तर माझी पाचावर धारण बसली आहे. फोनच केला असता, पण मामी तो स्पीकरवर टाकतात, म्हणून हे पत्र माणसाहाती पाठवतोय.

तुम्ही ज्यात बेडूक-राक्षस झाला होतात, तो सिनेमा आता नव्याने काढतायत, हे आईने कळवलंच असेल. आजच्या प्रेक्षकाला भीतीही वाटली पाहिजे आणि हसूही आलं पाहिजे, असं दिग्दर्शकाचं म्हणणं. (निम्मं काम मला उपजत जमतं.) कॉम्प्युटरवरचा राक्षस खोटा वाटतो म्हणून त्यांनी गोदामातून तुमचाच रबरी बेडकोबा बाहेर काढला आणि त्यात मावणारा माणूस शोधायला लागले. आईने अभिमानाने सांगून टाकलं की आमचा मुलगा अंगापिंडाने थेट मामावर गेलाय. मी आपला चष्म्याच्या काचा घासणारा माणूस, लिफ्टमध्येसुद्धा जीव मुठीत धरून उभा राहणारा. पण आईपुढे कोणाचं चाललंय?

आत काय असतं ते तुम्हाला काय सांगायचं! पाठीमागून दोऱ्या आवळतात, वरून डोकं ठेवून चार स्क्रू पिळतात, आणि मग जुन्या रबराचा आणि जुन्या घामाचा वास. (घाम तुमचाच असणार, राग मानू नका.) तिसऱ्या टेकला हवा संपली. मी ओरडलो, पण आवाज माझ्याच कानांत परत आला. काही सुचेना, म्हणून दोन्ही हातांनी पोट बडवलं. कॅमेरामन हसून हसून खाली बसला. मी आणखी जोरात बडवलं, तशी आणखी हसली मंडळी. शेवटी मी मागच्या मागे, राक्षस म्हणून बेडकोबाला लावलेल्या शेपटीवर कोसळलो, तर टाळ्या पडल्या. शेपटी मोडली म्हणून कपडेपटवाल्या बाई तणतणत आल्या आणि त्यांनी डोकं उतरवलं, म्हणून हे पत्र लिहितोय.

दिग्दर्शकाला सांगितलं की तो अभिनय नव्हता, माझा जीव चालला होता. तो म्हणाला, म्हणूनच तर जुन्यासारखं हुबेहूब झालं.

मामा, जुन्यातसुद्धा तसंच होतं ना? टीव्हीवर बेडकोबा पोट बडवायला लागला की आमची मुरकुंडी वळायची आणि तुम्ही उठून गॅलरीत जायचात. आम्हाला वाटायचं, मामा लाजतात. तुम्ही दारात दिसलात की आम्ही भाचरं पोट बडवूनच तुमचं स्वागत करायचो, आणि सगळ्यांत जोरात मी. मला फार लाज वाटते, मामा.

मामींना नमस्कार.

तुमचाच,
भाचा

ता. क. पोट बडवण्याचा प्रसंग लोकांना आवडेल म्हणून लेखकाने त्या एकाचे अकरा केलेत. परवाचा तलावात आहे.

ता. क. दुसरा. आईला यातलं काही सांगू नका, तिने शेजारपाजारी सगळ्यांना तिकिटं काढायला सांगून ठेवलंय.

ता. क. तिसरा, आणि खरं म्हणजे एवढंच लिहायचं होतं. परवा येऊन कॅमेऱ्याशेजारी बसाल का? बोलू नका काही. बेडकोबाच्या तोंडातून बघताना न हसणारा एक माणूस दिसला पाहिजे. येताना स्क्रूड्रायव्हर आणा.