थंड कुशीवरचा उपाय

सासूबाई,

नमस्कार लिहिण्याइतकं मन मोठं नाही, म्हणून सरळच लिहिते. तुमचा काळा काढा पोचला आणि लगेच मोरीत ओतला.

छुसोकच्या सणाला तुम्ही सगळ्या जावांसमोर म्हणालात, "हिची कूस थंड आहे, थंड भुईत बी रुजायचं कसं?" मग ती शेकायला मला रोज तुमच्या हमामातल्या भट्टीखोलीत बसवलंत. वर तेसिकला म्हणालात, "बायकोला एकटीला सोडू नकोस रे." तोही आईचा आज्ञाधारक, तीन वर्षं माझ्या शेजारी घाम गाळत बसला.

काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझ्यात दोष नाही. त्याच्या वीर्यात जिवंत बीज जेमतेम आहे. "रोज एवढ्या उष्णतेत बसता? त्यानंच बीज मरत असणार. आधी ते बंद करा."

म्हणजे शेकायला निघालात मला आणि भाजलात पोटचा पोरगा.

तो रडला. म्हणाला, "आईला सांगू नकोस, ती खचेल." म्हणून हे पत्र टपालात पडणार नाही. पण भट्टीखोलीत तो आता पाय ठेवणार नाही. उद्या मूल झालंच, तर काढा लागू पडला म्हणून तुम्ही गावभर मिरवाल. त्या दिवशी मात्र मी गप्प बसणार नाही.

जिची कूस कधीच थंड नव्हती ती,
मिग्योंग