मयताची शिंक

क्रॉयडन, मार्च १९३३

ती. वन्संना हेस्टरचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता दुखत नसावा. मी बरी आहे, जेवण जातं. हे गेल्यापासून घरात फार शांत असतं, एवढंच.

गेल्या उन्हाळ्यात ह्यांनी खुनाच्या एका बोलपटात प्रेताचं काम केलं, ते मी तुम्हाला कळवलं नव्हतं (तुम्हाला नाटकवाले आवडत नाहीत). गालिच्यावर नुसतं पडून राहायचं होतं. गालिचा धुळीचा, हे शिंकले. ह्यांची शिंक तुम्हाला ठाऊकच आहे, लहानपणी तुम्ही ती सोसली आहे. पण फिल्म महाग. तेवढ्यासाठी पुन्हा चित्रण करणं मालकाला परवडेना. म्हणून त्यांनी इन्स्पेक्टरच्या तोंडी एक वाक्य घातलं, "मेल्यावरही माणसातली हवा निघते, सार्जंट." झालं. तर ह्यांचा आवाज म्हणून आता जगात ती शिंक तेवढी उरली आहे, आणि ती मला ऐकायची होती.

बोलपट आमच्या थिएटरात लागला, पण सकाळी. अमेरिकन बोलपटांबरोबर थोडे देशी बोलपटही दाखवलेच पाहिजेत असा कायदा आहे. कुणी पाहिले पाहिजेत असं त्यात नाही. म्हणून थिएटर झाडतानाच ते उरकून घेतात. पहिल्या दिवशी प्रेक्षक मी एकटी, बाकी झाडलोटीच्या बायका. नेमकी शिंकेच्या वेळी पिल्बीमबाईंनी बादली आपटली. "पाय उचला हो बाई, खालून पुसायचंय." मला रडू आलं (कुणाला सांगू नका). त्यांनी विचारलं, तेव्हा सांगावं लागलं की तो गालिच्यावरचा माझा नवरा.

"अगं बाई! तो मेलेला?"

"हो."

"खरंच मेलेला?"

"दोन्हीकडे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शिंक जवळ आली तशा सगळ्याजणी फडकी छातीशी धरून उभ्या राहिल्या, चर्चमध्ये राहतात तशा. हे शिंकले. थिएटर दणाणलं. "देव भलं करो, दादा!" पिल्बीमबाई पडद्याकडे बघून म्हणाल्या. इन्स्पेक्टर हवेचं सांगू लागला, तर "गप रे मेल्या!" म्हणून त्यालाच दम दिला (तिथे मेलेला तो नव्हता). मग मी रोज जाऊ लागले. खुनी कोण ते मला अजून माहीत नाही. शिंक झाली की मी उठते.

तुमची,
हेस्टर

ता. क. बोलपट इथून उद्या निघतो. सोमवारपासून तुमच्या यॉर्कला आहे, म्हणून मी रविवारच्या गाडीने येते. माझ्यासाठी मुद्दाम काही करू नका. सकाळची मी घरात नसेनच.

आणखी एक. यॉर्कनंतर तो लीड्सला जाणार आहे. तिथे आपलं कुणी राहतं का?