पडद्यामागचा माइक

बुधवार, ता. ११, दुपार

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. पत्राच्या सुरुवातीला लिहायचे असतात म्हणून लिहिले, फार मनावर घेऊ नकोस. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे दुखतात, दुकान चालू आहे, मशीन मध्येमध्ये दोरा तोडतं. तू फोन करायला सांगितलं होतंस. पण फोनवर तू मधेच हसतोस आणि माझा राग विरघळतो. या वेळी मला तो विरघळू द्यायचा नाही.

तुझा निरोप मिळाला. महिनाअखेरच्या तुझ्या कार्यक्रमाला मी आईला घेऊन यायचं. आई स्टेजवर खुर्चीत बसून नुसते ओठ हलवणार आणि मी पडद्यामागे माइक धरून गुणगुणायचं. "लोकांना काही कळणार नाही गं, ताई," असंही म्हणालास. उत्तर देते. पण आधी त्या मासिकातल्या मुलाखतीबद्दल बोलू दे, कारण सगळी भानगड तिथून सुरू झाली.

मासिक समोरच्या चष्म्याच्या दुकानवालीने आणून दिलं. पानभर तुझा फोटो, अंगात तो करडा कोट, आणि खाली तुझं वाक्य: "माझा पेहराव हे माझं दुसरं गाणं आहे. बटणं मी जाणूनबुजून विजोड ठेवतो." जाणूनबुजून काय डोंबल! तो कोट एका गिऱ्हाइकाने अस्तर बदलायला टाकला आणि नेलाच नाही, म्हणून तुला दिला. डब्यात एका जातीची पाच बटणं सापडेनात, म्हणून मी हाताला लागली ती लावली. आणि वर ठळक अक्षरात काय, तर "कुठल्याही कंपनीच्या दारात न गेलेला स्वतंत्र गीतकार". स्वतंत्र! तुझ्या पायजम्याची नाडी ओवायला अजून मी लागते.

एवढ्यावर मी हसून सोडून दिलं असतं. पण पुढे त्यांनी विचारलंय, प्रवासात काय ऐकता? तू म्हणालास, दुसऱ्या कुणाचंच काही ऐकत नाही. हेडफोन लावतो आणि आईचं गुणगुणणं ऐकतो. शाळेत असताना, आई मशीनवर बसलेली असताना, ते फोनवर पकडून ठेवलं होतं. माझी सगळी गाणी त्यातून आली.

आईचं गुणगुणणं! आई मशीनवर बसली की फक्त गिऱ्हाइकांच्या नावाने बोटं मोडते. तिने अंगाई म्हटली की तू भोकाड पसरायचास, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

तो आवाज माझा आहे, धाकट्या. तुलाही ते पक्कं ठाऊक आहे, नाहीतर पडद्यामागे मलाच कशाला उभं केलं असतंस? मी पायाने मशीन चालवत होते, तू कापायच्या टेबलाखाली अभ्यासाचं नाटक करत बसला होतास, आणि आई कापड आणायला बाजारात गेली होती. तू मला विसरला असतास तर एक वेळ चाललं असतं. तू विसरला नाहीस. छापायला आई बरी दिसते म्हणून तू मला खोडलंस.

आणि प्रवासात ऐकतोस म्हणे. तुला बस लागायची ते नाही सांगितलंस त्यांना? मावशीकडे जाताना पहिल्या वळणालाच तू हिरवा-पिवळा व्हायचास. मी पिशवी उघडून तयार ठेवायची, तुझं डोकं मांडीवर घ्यायचं आणि तुझं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून कानाशी काहीतरी गुणगुणायचं. रस्ता खराब म्हणून चाल अशी धक्के खाणारी. पुढे मशीनवरही तीच तोंडात बसली, आणि तीच तू फोनवर पकडलीस. तुझ्या त्या मुलाखतवाल्याने तिला "ठेक्याशी खेळणारी" म्हटलंय. ती तुझ्या ओकाऱ्या थांबवायला केलेली चाल आहे. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं आहे असं मला वाटलंच नव्हतं.

आता आईचं ऐक. मुलाखत वाचून ती आधी खूप हसली. मग शेजारची अभिनंदन करून गेली, मग चष्मेवाली, मग कोपऱ्यावरचा केस कापणारा. दोन-चार दिवसांत आई कुणाला "तो आवाज माझा नाही" म्हणेनाशी झाली. तुझं बोलावणं आलं तेव्हा तर तिने कपाटातून ठेवणीतली साडी काढली. मी म्हटलं, "आई, अगं, ते मी गायलेलं आहे." तर म्हणाली, "मला ठाऊक आहे गं. पण त्याने माझं नाव घेतलंय, आता त्याला खोटं पाडू का? तू उगाच जळू नकोस त्याच्यावर."

जळू नकोस! त्या दिवशी मी रात्रीपर्यंत मशीन हाणत बसले. दुसऱ्या दिवशी ती माझ्याजवळ स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "नुसते ओठ हलवायला मला लाज वाटते. मला शिकव ती चाल."

शिकवली, बाबा. मशीन बंद ठेवून, गिऱ्हाइकांना उद्या या सांगून शिकवली. तिला वरचा सूर काही लागेना. घसा खाकरायची, पाणी प्यायची, पुन्हा सुरू करायची, आणि मला इतकं वाईट वाटत होतं की तुला समोर उभं करून कानाखाली आवाज काढावासा वाटला. आज सकाळी तिने साडी घडी करून परत ठेवली. म्हणाली, "तुझी चाल फार वर जाते गं. मला नाही जमायची. त्याला कळव, आईचा घसा बसलाय."

आईचा घसा ठणठणीत आहे. ती येणार नाही, इतकंच.

राहिले मी. पडद्यामागे मी उभी राहणार नाही.

आणखी एक. तुझी गाणी अर्ध्यावर का थांबतात, असं त्यांनी विचारल्यावर तू "अपूर्णता हीच माझी शैली" असं काहीतरी भारदस्त बोललास. अरे, रेकॉर्डिंगच्या वेळी दारात गिऱ्हाईक आलं म्हणून मी थांबले होते. आणि बसमध्ये तू नेहमी अर्ध्यावर झोपून जायचास. पुढची चाल तू कधी ऐकलीच नाहीस. तू झोपलास की मी खिडकीबाहेर बघत ती म्हणायची. तुझं पोट, आईचं दुकान, काही डोक्यात नसायचं तेव्हा. तेवढी चाल मी माझ्यासाठी केली होती.

कार्यक्रमाचं तिकीट मी काढलं आहे, पहिल्या रांगेतलं. तुझा पास नको. ज्या गाण्याला आईला खुर्चीत बसवणार होतास, त्या गाण्याच्या आधी मला वर बोलव, माझ्या हातात माइक दे आणि हा आवाज कुणाचा ते सगळ्यांसमोर सांग. तुझ्याच्याने तेवढं होत नसेल तर नको बोलावूस. तू थांबशील तिथून मी खुर्चीतून उठून पुढचं म्हणेन. माझा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जातो, मशीनच्या खडखडाटात कमावलाय. पुढची चाल त्या दिवशी तू लोकांबरोबरच ऐकशील, या खेपेला जागा राहून.

तुझी ताई,
आई नव्हे.