बाईंचा क्लोजअप

३ मार्च

कात्रीने बोलावून घेतलं. कात्री म्हणजे आमचा संकलक. त्याने एक शॉट लावला. मुख्य भूमिका करणाऱ्या बाईंचा चेहरा, डोळ्यांत पाणी — आणि सगळं धूसर. मागची भिंत मात्र लख्ख! दुसरा लावला. तोही तसाच. जवळून घेतलेले सगळे असेच आहेत म्हणाला, लांबचे उत्तम. "तू सेटवर बघत नाहीस का?"

नाही बघत. बाबाने पहिल्यापासून हेच शिकवलं — दिग्दर्शकाने स्क्रीनकडे नाही, माणसाकडे बघायचं. स्क्रीन कॅमेरावाल्याची. आणि माझा कॅमेरावाला बाबाच.

४ मार्च

बाबा पेपर हात लांब करून वाचत होता. आई म्हणाली, चष्मा तरी करून घे, नाहीतर हात तरी वाढवून घे. तो खूप हसला. मला हसता आलं नाही.

५ मार्च

सारखं एकच डोक्यात. बाबाने आयुष्यभर लोकांची लग्नं शूट केली. मी सातवीत असताना कॅमेरा माझ्या हातात दिला, लेन्सच्या रिंगवर माझी बोटं ठेवली, म्हणाला, फोकस बोटांत असतो. ऑटोफोकस तो बंदच ठेवतो. मशीनला काय कळतं कोणाकडे बघायचं ते! माझ्या पहिल्या सिनेमासाठी त्याने यंदाची सगळी लग्नं सोडली. नातेवाइकांना सांगत फिरतो, पोरीने मला कामावर ठेवलंय.

त्याला मी काय सांगू? कसं सांगू?

७ मार्च

आज सांगायचंच ठरवलं होतं. चहा घेऊन गेले. तो लेन्स पुसत बसला होता, बाळाचं तोंड पुसावं तसं. म्हणाला, "ठमे, माझीसुद्धा पहिलीच वेळ आहे बरं का. लग्नात कोणी रिटेक देत नाही."

त्याचा रिकामा कप घेऊन परत आले.

१० मार्च

युक्ती काढली. सगळं लांबून घ्यायचं. जिथे चेहरा होता तिथे पाठ, जिथे डोळे होते तिथे अख्खी खोली. सीन बदलले, दोन तर काढूनच टाकले. बाबा म्हणाला, का गं, लांब लांब पळतेस? मी म्हटलं, शैली आहे. शैली!

बाई मात्र वैतागल्या. मुरलेल्या नटी आहेत, पण सगळी कारकीर्द नाटकात. "अगं, आजवर लोकांनी मला पंधराव्या रांगेतूनच बघितलं. सिनेमात तरी जवळ ये की."

मी बाबाची चूक झाकतेय की माझी, हेच आता कळेनासं झालंय.

१४ मार्च

एक शॉट लांबून होणारच नाही. शेवटचा. घर विकून निघालेली बाई उघडी खिडकी लावून घेते आणि वळते. संवाद नाही. फक्त चेहरा. सगळा सिनेमा त्या चेहऱ्यापर्यंत येण्यासाठी लिहिला.

कात्री स्पष्टच बोलला. हा धूसर आला तर सिनेमा नाही, वर्ष फुकट गेलं समज. त्याचा एक मित्र आहे, चांगला कॅमेरामन. भेटले. चष्मा एवढा जाड की डोळे कुठे आहेत ते शोधावं लागतं. बाबा चष्मा लावत नाही म्हणून मी चष्मेवाला आणतेय!

१६ मार्च

ठरलं. परवा बाबाला छोटा कॅमेरा देऊन समोरच्या इमारतीच्या गच्चीवर पाठवायचं. घर बाहेरून, रस्ता, उतरतं ऊन. सगळं लांबचं, म्हणजे त्याचंही चांगलंच येईल. तेवढ्यात आत चष्मेवाल्याकडून क्लोजअप उरकायचा. बाबाला सांगितलंय, क्लोजअप त्याच्या दुसऱ्या दिवशी. तेव्हा तोच शॉट त्याच्याकडून पुन्हा घ्यायचा. फक्त वापरायचा नाही. त्याला कळायचं कारण नाही.

बाईंना सगळं खरं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दोनदा रडायला माझी ना नाही. पण दुसऱ्या वेळी मी खोटं रडेन. आणि तुझ्या बाबाला ते कळेल."

१७ मार्च

जेवताना अर्ध्यावरच उठले. आई विचारते, काय झालं? काही नाही. बाबा म्हणतो, टेन्शन घेऊ नकोस, मी आहे ना.

१८ मार्च

झाला. पहिल्याच टेकला. पापणीन् पापणी दिसतेय. मी स्क्रीनकडे बघितलं, पहिल्यांदाच. बाईंकडे बघायचं राहूनच गेलं.

बाबा यायच्या आत चष्मेवाल्याला मागच्या जिन्याने घालवलं. बाबा गच्चीवरून आला, घामाघूम. कॅमेऱ्यातलं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "बघून घे. यात जवळचं काही नाही."

जेवताना विचारलं, उद्या कधी निघायचं? मी म्हटलं, आठला. बरं, म्हणाला. नेहमीपेक्षा कमी जेवला.

१९ मार्च, सकाळ

कार्ड आत्ता बघितलं. रस्ता. सिनेमातलं घर. उतरतं ऊन. मग आमची खिडकी. खिडकीत मी, आणि बाबाच्या कॅमेऱ्यावर वाकलेला चष्मेवाला. शॉट सुरू होतो तोच उघड्या खिडकीपासून — मीच लिहिलाय, आणि मला एवढं सुचू नये! बाई पुढे येतात, खिडकी लावून घेतात. बंद खिडकीवर कॅमेरा तसाच थांबलाय, किती तरी वेळ. जराही हललेला नाही. सगळं लख्ख.

बाहेर बाबा बूट घालून, कॅमेऱ्याची बॅग मांडीवर घेऊन बसलाय. हाक मारतोय, "ठमे, चल. बाई वाट बघत असतील."