कमलचा नंबर नव्हता

६ मे, मालवण. सकाळ
आमच्या महिला दूध संस्थेचा अभ्यास दौरा. काल कोल्हापूरकडची डेअरी बघितली, आज समुद्र. घरी फक्त डेअरीचंच सांगितलंय. गावात आज टँकर. विहिरीवर पाणी शेंदायचा नंबर माझा. धाकटी जाऊ कमल म्हणाली, “जावा अक्का, मी हाय की.” कंबर धरलीय तिची, तरी.

दुपार
छोटी बोट, आम्ही सहाजणी. डोळ्यांवर काच, तोंडात नळी. आधी जीव घाबरा. मग खाली बघितलं. पिवळ्या पट्ट्यांचे मासे, अगदी हाताशी. बाकीच्या वर चढल्या. मी म्हणाले, अजून एकदा. बोटवाल्यानं पाठीला सिलिंडर लावून हात धरून खोल नेलं. वर यावंसं वाटेना.
वर आले तर ह्यांचे सात मिसकॉल. लगेच फोन लावला. कमल विहिरीत पडली.

७ मे, बीड, दवाखाना
पाय मोडलाय, मणक्याला मार. टँकर विहिरीत रिकामा होताच काठावर रेटारेटी. कठडा न्हाईच. बायांनी दोर टाकून काढली.
हे म्हणाले, “फोन कावून उचलला न्हाईस?”
“मीटिंग चालू होती.”
तोंडातून निघून गेलं.

११ मे
घरी आणली. यंदा ऊसतोडीला जाता येईल का, डॉक्टर बोलत न्हाईत. तिचं सगळं मीच करते. आज म्हणाली, “अक्का, किती करताव! मला लाज वाटती.” तिला लाज. मी तशीच चुलीकडं...

१४ मे
सचिवबाईंनी संस्थेच्या ग्रुपवर फोटो टाकले. कमलही सभासद, तिच्या फोनवर गेलेच. माझा फोटो: ओले केस, लाइफ जॅकेट, तोंडभर हसू.
“अक्का, असं हसताना तुमाला कवा पायलं न्हाई. कवाचा हाय?”
“त्याच दिवसाचा.” मग सगळंच सांगितलं. दुसऱ्यांदा उतरले तेही.
तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला.
“पाण्याखाली भ्या न्हाई वाटलं?”
“न्हाई.”
“मला लई वाटलं.”
तेवढ्यात हे आत आले. “काय चाललंय दोघींचं?”
कमलनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं. तिनं फोन उशीखाली सारला.