अंक सत्तेचाळीस

सोमवार, ४ मार्च
वहिनीचा फोन. दादाच्या घशाचं ऑपरेशन शुक्रवारी सकाळी. स्वरयंत्रच काढणार. म्हणजे नंतर आवाज नाही. दादाचा निरोप: उल्कावीरची कॉमिक्स घेऊन ये, एकदा वाचून दाखवतो. लहानपणी सगळे आवाज तोच काढायचा. उल्कावीर, दुष्ट डॉक्टर गंज, कोसळणारा पूलसुद्धा. मी पानं उलटायचो.
माळ्यावरून खोका काढला. उद्या जाणार म्हणजे जाणार.

मंगळवार, ५ मार्च
गेलो नाही. पण काम ठोस झालं. अंक क्रमाने लावले, प्रत्येकाला प्लास्टिकचं नवं पाकीट. हाताला लागतील ते चार उचलून न्यायला मी काय नवखा आहे? फक्त सत्तेचाळीस सापडत नाही.
बायको म्हणाली, अहो, भावजींना अंक नकोयत, तुम्ही हवे आहात. तिला कॉमिक्समधलं ओ की ठो कळत नाही.

बुधवार, ६ मार्च
रजा टाकली. वाचत बसलो. उल्कावीर फारच बोलतो. उंचावरून पडतानासुद्धा भाषण! तेव्हा खटकलं नव्हतं. तेव्हा दादा वाचायचा.
शेहेचाळीसमध्ये उल्कावीर मरतो. अठ्ठेचाळीसमध्ये ठणठणीत. मधला अंक दादाने वाचून दाखवलेला मला स्वच्छ आठवतो. त्या दिवशी दिवे गेले होते, तरी दादा एका शब्दाला अडखळला नाही. तो अंक न घेता आजारी माणसाकडे जायचं? नुसतं मरण घेऊन? बरं दिसत नाही.
दुपारी दादाचाच फोन. आंघोळीला गेलोय म्हणून बायकोला सांगायला लावलं. आवाज ऐकला असता तर उगाच रडू आलं असतं, त्याला त्रास.

गुरुवार, ७ मार्च
जुन्या पुस्तकांची सगळी दुकानं पालथी घातली. सत्तेचाळीस नाही. हॉस्पिटलला पोचलो तेव्हा भेटायची वेळ नुकतीच संपलेली. वॉचमन जा आत म्हणत होता. मीच नको म्हटलं. नियम म्हणजे नियम.

शुक्रवार, ८ मार्च
ऑपरेशन नीट झालं. वहिनी फोनवर एवढंच बोलली.

सोमवार, ११ मार्च
शेवटी गेलो. अख्खा खोका घेऊन. दादाच्या गळ्याला पट्टी, मांडीवर पाटी. रागावला नव्हता, तेच वाईट. सत्तेचाळीस मिळाला नाही, तेवढ्यासाठी थांबलो, म्हटलं.
दादाने पाटी सरळ केली. मग लिहिलं: तो आपल्याकडे कधी नव्हताच. तू रडायचा थांबेनास, म्हणून अंधारात रचून सांगितला.
मी विचारलं, मग उल्कावीर जिवंत कसा झाला होता?
त्याचे ओठ हलले. मग खडू उचलला, बराच वेळ धरून ठेवला. लिहिलं: लक्षात नाही. तू सांग.
मी घसा खाकरला, उल्कावीरच्या आवाजात सुरुवात केली. पहिल्याच वाक्याला दादाने हात वर केला.
पाटीवर: हा आवाज गंजचा आहे.