वाळूतली लिंबं

चंद्रपूर,
२० एप्रिल १९९४

ती. आईस,
सुकन्याचा लांबूनच पाया पडून नमस्कार.

मी बरी हाय. टेलिफोन ऑफिसातलं काम जमलंय. ऊन मात्र आपल्या निरवांगीपेक्षा कडक. पहिल्याच आठवड्यात आणलेली भाजी दोन दिवसांत सडली.

मी निघताना तू म्हणाली होतीस, लिंबं ओल्या वाळूत पुरून ठेव. तवा मी हसले होते. आता खरंखोटं बघायचं म्हणून सहा लिंबं वाळूत पुरली आन् सहा टोपलीत ठेवली. बारा दिवस झालं. टोपलीतली वाळून सुपारीएवढी झाली, वाळूतली अजून रसरशीत हायत. असं का होतं गं? लिंबाला वारं लागत न्हाय म्हणून? तुला हे कुणी शिकवलं?

कोथिंबीर ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवते. ती चार दिवस टिकते. तवा माझ्या जेवणाची काळजी नको.

तुझ्या पत्रात हाय, रोज भाकरी उरती, ती तू वाळवतीस आन् कुटके करून खातीस. वाया जात न्हाय, हे बरं. पण घरात तू एकटी, भूक तुझी एका भाकरीची. मग रोज उरती कशी? हे कोडं मला दोन दिवस सुटलं न्हाय. मग ध्यानात आलं, तू अजून दोघींचं पीठ घेतीस.

पीठ कमी घेत जा, असं लिहिणार होते. न्हाय लिहीत. मे महिन्यात रजा मिळतीया. माझ्या वाटणीचे कुटके ठेव.

तुझी,
सुकन्या